मुद्दाम चुकवलेली उत्तरं

नदीन प्रुइटने मऊ पावासारख्या बिस्किटांवर गरम ग्रेव्ही ओतली आणि ताटली नवऱ्यासमोर सरकवली. "आज शर्यत आहे का गं?" व्हर्लिनने विचारलं. सकाळपासून हे पाचव्यांदा.

"नाही रे. जेव."

वीस वर्षं नॉर्थ कॅरोलिनातल्या मातीच्या ट्रॅकवर व्हर्लिनने शर्यतीची गाडी पळवली. कितीदा आपटला, दर वेळी ठणठणीत असल्याचं सांगून पुढच्या शनिवारी हजर. आता एक्कावन्नाव्या वर्षी त्याला मुलीचं नाव आठवत नव्हतं. आणि हे रोज डोळ्यांनी बघणाऱ्या नदीननेच मुलीला त्याच वाटेवर धाडलं होतं, याला काय म्हणावं?

मुलगी लेसी शार्लटला होती, टीव्हीवरच्या स्पर्धेत. नऊ स्पर्धकांतून एकाला मोठ्या संघाची स्टॉक कार, म्हणजे शर्यतीची गाडी, चालवायला मिळणार होती. पहिल्या दिवशी डॉक्टर प्रत्येकाची स्मरणशक्ती तपासत. डोक्याला मार बसला की तीच चाचणी पुन्हा. गुण घसरले तर स्पर्धेतून बाहेर. नदीनने लेकीला आधीच पढवलं होतं, "पहिल्याच दिवशी मठ्ठासारखी वाग. लक्षात ठेवायला दिलेले आकडे चुकव. मग आपटलीस तरी तेवढेच गुण येतील. सगळेच करतात."

लेसीने तसंच केलं. उपांत्य फेरीत तिची गाडी भिंतीवर आदळली. चाचणी झाली. डॉक्टरांनी दोन्ही कागद ताडून पाहिले. "काही फरक नाही. जा, चालव."

कार्यक्रमाच्या दिग्दर्शकाने टाळी वाजवली. लेसी स्वच्छतागृहात गेली आणि आतून कडी लावून तिने घरी फोन केला.

"आई, डोकं फुटतंय. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाहीये."

"पाणी पी. एकच फेरी राहिलीय, बाळा. या खेळात मुलींना दुसरी संधी देत नाहीत."

मागून व्हर्लिनचा आवाज आला, "आज शर्यत आहे का गं?"

लेसीने फोन बंद करून कडी काढली. मग ती डॉक्टरांकडे परतली.

"पहिल्या चाचणीत मी मुद्दाम चुकले होते," ती म्हणाली. "आज मुद्दाम नाही, खरंच चुकले."

"कॅमेरा बंद करा!" दिग्दर्शक ओरडला.

तिला काढून टाकलं. आईने फोन उचलला नाही. सामान घ्यायला ती जेवणघरातून गेली, तेव्हा उरलेल्या आठही स्पर्धकांनी ताटावर माना खाली घातल्या. त्यांच्यातला फक्त डीक टॉलिव्हर नंतर फाटकापर्यंत बॅग घेऊन आला.

"मीही पहिल्या चाचणीत मुद्दाम चुकलो होतो गं," तो पुटपुटला.

"मग सांग ना!"

"परवा अंतिम फेरी आहे, लेसी."

रविवारी लेसीच्या गावातले आम्ही सगळे टीव्हीपुढे बसलो. लेसीने 'वैयक्तिक कारणाने' माघार घेतल्याचं निवेदकाने एका वाक्यात उरकलं. डीक दोनदा भिंतीवर आदळला, दोन्ही वेळा चाचणीत पास झाला आणि जिंकला. निवेदकाने विचारलं, "शेवटी पुढच्या गाडीला कुठे गाठलंस?" डीक नुसता हसला. कॅमेऱ्याकडे बघतच राहिला. पोराला आनंदाने शब्द सुचत नाहीत, असं आम्हाला वाटलं. सगळ्या गावाने टाळ्या पिटल्या. मीही.

त्याच क्षणी आपल्या खोलीत एकटी बसलेली लेसी टीव्हीकडे बघून ओरडत होती, "अरे, त्याला आठवत नाहीये! डॉक्टरांना बोलवा रे कोणीतरी!"