भागी कॅप्टन झाली

एकनाथला वाचनाचं वेड लागलं ते चाळिशीत, आणि तेही कबड्डीपायी. कारखान्यातली पहिली पाळी संपली की हा माणूस कुंभवलीच्या मैदानावर पाड्यावरच्या पोरींना शिकवायचा. शिकवायचा म्हणजे काय, नुसता ओरडायचा. मग कुणीतरी त्याला प्रशिक्षकांसाठी लिहिलेलं, नेतृत्वावरचं एक पुस्तक दिलं आणि गडी पार बदलला. बोईसरहून आणखी पुस्तकं आणली, मोबाइलवर भाषणं ऐकली. "पोरींपेक्षा तुमचाच अभ्यास जास्त," असं बायको समिधा चिडवायची.

पण पुस्तकांचा गुण आला, हे कबूल करायला हवं. सगळ्यात अबोल खेळाडूवर जबाबदारी टाका, असं एकात होतं. त्यानं भागीला कॅप्टन केलं. कधी मान वर न करणारी ही पोरगी पावसाळा संपेतो भांडणं मिटवू लागली, रुसलेलीला घरून ओढून आणू लागली. "तू खेळ, चढाई फसली तं सरांचा ओरडा मी ऐकीन," असं ती संघातल्या धाकट्या कीर्तीला सांगत होती, तेव्हा एकनाथचे डोळे भरून आले. यंदा पालघरचे जिल्हा सामने आपलेच, याबद्दल त्याला तिळमात्र शंका उरली नाही.

पाड्यावरची माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जात. पोरी मात्र आजीपाशी राहत. आईबाप दिवसभर विटा पाडणार, मग परक्या मुलखात वयात आलेल्या पोरींकडे बघणार कोण? या एका भीतीवर एकनाथचा संघ टिकून होता.

दिवाळी सरली आणि एका संध्याकाळी मैदानावर एकही पोरगी फिरकली नाही. एकनाथनं मोटारसायकल पाड्याकडे दामटली. तिथं टेम्पो उभा होता. भांडी, गोधड्या, बायामाणसं आणि त्यांच्यात त्याचा सगळा संघ.

भट्टीवर माणसं नेणारा मुकादम हसतच पुढे आला. "सर, यंदा आईबाप पोरी न्यायला तयार झाले. भागी संगं हाय म्हटल्यावर कोनाला घोर नाय. लय बेस तयार केलीत पोरगी."

"भागी, खाली उतर," एकनाथ म्हणाला. "सामने आठवड्यावर आलेत."

"मी उतरले तं यांना कोन बगल, सर?" भागीनं कीर्तीला आत सरकवलं. "आता आईबाप माज्या भरवशावर नेतात. तुमीच बोललेलं ना, कॅप्टननं आपल्या पोरींना टाकायचं नाय."

टेम्पो सुरू झाला. भागीनं वाकून त्याला नमस्कार केला. आपण हिला घडवलंच नसतं तर आज या सगळ्याजणी घरी राहिल्या असत्या, एवढंच त्याला कळलं, आणि ते कुणाला सांगायची त्याला लाज वाटली.