पल्ल्यांना पलीकडे नेणारा माठ

मित्रांनो, माझ्या अंगावर आज निळापिवळा रंग आहे आणि त्यावर फुलं काढली आहेत. त्याला भुलू नका. मी एक जुना माठ आहे, पण पाणी साठवायला मला कुणी घडवलं नव्हतं. सिंधू नदीत माणसाला तरंगत ठेवणं हे माझं काम होतं.

नदीकाठच्या कुंभारणीने मला थापीने ठोकून ठोकून घडवलं. पोट रुंद, तोंड अरुंद, आणि काठ असा गुळगुळीत, की उघड्या पोटाला खुपू नये. नदीवर मासे धरणारा वर्याम मल्लाह मला न्यायला आला तेव्हा त्याने मला टिचकी मारली आणि कान लावून ऐकलं. "खोटं बोलत नाही हा," तो म्हणाला. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

वर्याम माझ्या तोंडावर पालथा पडायचा. त्याच्या पोटानेच माझं तोंड बंद व्हायचं. पायांनी पाणी मारत तो मधल्या धारेत जायचा आणि लांब काठीला बांधलेलं जाळं खोल सोडायचा. उन्हाळा संपता संपता पाणी चढायचं आणि समुद्रातून पल्ले, आमच्या नदीचे मानाचे मासे, यायचे, पोटात अंडी घेऊन, धारेच्या विरुद्ध. जाळ्याला माशाचं तोंड लागलं की वर्यामच्या बोटातली सुतळी थरथरायची. तो ती ओढायचा, जाळं मिटायचं आणि पोट जरासं उचलून तो मासा माझ्यात टाकायचा.

आमच्या लोकांचं म्हणणं असं, की पल्ला वर जिंदा पीरांच्या दर्ग्याला सलाम करायला जातो. जाताना तो काळवंडलेला असतो, सलाम केल्यावर त्याच्या अंगाला चांदी चढते. म्हणून वर्याम पोटापुरते मासे धरायचा आणि बाकीच्यांना म्हणायचा, "जा बाबांनो, आमचाही सलाम सांगा."

त्याचे सोबती चिडवायचे, "वर्याम, तुझं पोट घरी कमी आणि माठावरच जास्त असतं!"

"अरे, माठावर असतं म्हणून तर घरी भरतं!" तो उत्तर द्यायचा. त्याच्या मुलाचं, खमीसोचं लग्न झालं तेव्हा सगळ्या गावाने पल्ला आणि तांदळाची भाकरी खाल्ली. तो सगळा पल्ला माझ्यातून आला होता. त्या दिवशी नव्या सुनेने, भागीने, मला हळदीचं बोट लावलं.

मग आमच्या गावाच्या खाली धरण बांधायला सुरुवात झाली. खमीसोने तिथे दोन वर्षं दगड वाहिले. तो खूश होता. "बाबा, पलीकडच्या रानात कालवा जाणार. आणि मासळीचीही सोय केली आहे. भिंतीला पायऱ्यांचा जिना ठेवलाय, मासे चढून येतील."

वर्याम हसला नाही. "पल्ला शरीफ मासा आहे रे. तो उड्या मारत नाही. दार उघडं असलं तर आत येतो, नाहीतर उंबऱ्यावर उभा राहतो."

तसंच झालं. दरवाजे बसले त्या वर्षी आमच्या गावापर्यंत एकही पल्ला आला नाही. वर्याम मला घेऊन तीन महिने धारेत पडून राहिला. त्याच्या पोटावर माझ्या काठाचा वळ उठला, पण सुतळी हलली नाही. शेवटी सगळं गाव झोपड्या उचलून धरणाच्या खाली राहायला गेलं.

मित्रांनो, तिथे जे पाहिलं ते विसरता येत नाही. लोखंडी दरवाजांच्या तळाशी हजारो पल्ले गोळा झाले होते. ते दरवाजांवर डोकी आपटत, वाहून मागे जात आणि पुन्हा येत. लोक टोपल्यांनी मासे उपसत होते. "खुदाने मासळी दाराशी आणून बांधली!" असं ओरडत ते नाचत होते. खमीसोसुद्धा नाचला. मासळीच्या ठेकेदाराने मोठी जाळी दिली आणि दरवाजाखालची एक जागा त्याला नेमून दिली.

वर्यामने जाळ्याला हात लावला नाही. "कुलूप लावलेल्या दारासमोर पाहुणे उभे आहेत, आणि तुम्ही त्यांचे खिसे कापताय," तो म्हणाला.

"बाबा, पाहुण्यांच्या जिवावरच आपण जगलो की!" खमीसो म्हणाला.

"एकाला जेवायला थांबवायचो. सगळी वरात नाही लुटली."

आता माझी गरज कुणालाच नव्हती. मला झोपडीमागे पालथं टाकलं. कोंबड्या माझ्या अंगावर बसायच्या. दुर्लक्षाचं दुःख मी तक्रार न करता सोसलं, कारण वर्यामचंही तेच चाललं होतं. लोक त्याला 'दर्ग्याचा वकील' म्हणून चिडवू लागले होते.

चार वर्षांत टोपल्या रिकाम्या येऊ लागल्या. अंडी घातलीच जात नव्हती, मग नवे मासे येणार कुठून? तेव्हा एका सकाळी वर्यामने मला सुलटं केलं, धुतलं आणि भागीला हाक मारली. "सुनबाई, काठीचं एक टोक धरशील?"

त्याने काठाजवळच्या पाण्यात दोन मासे धरले, दोन्ही माद्या, पोटं फुगलेली. मी अर्धा पाण्याने भरलेला होतो. त्याने त्यांना हलक्या हाताने माझ्यात सोडलं. माझ्या तोंडावर ओलं फडकं टाकलं, मला दोरीने काठीला अडकवलं आणि एक टोक त्याने, एक भागीने खांद्यावर घेतलं. धरणाच्या रस्त्याने दोघं चढू लागली.

"चाचा, माठात काय आहे?" पहारेकऱ्याने अडवलं.

"पाहुणे आहेत. पलीकडे सोडायचेत."

पहारेकऱ्याने फडकं उचलून पाहिलं. "अरे, हे तर तळायचे पाहुणे! आणि तुम्ही त्यांना डोलीतून फिरवताय?"

"दादा, हसून घ्या, पण लवकर हसा," भागी म्हणाली. "यांना श्वास पुरत नाही आणि माझा खांदा दुखतोय."

तो बाजूला झाला. "जा. साहेबाने विचारलं तर मी काही पाहिलं नाही."

पल्ला नाजूक जातीचा. पलीकडे पोचेपर्यंत एक मादी उलटी झाली होती. दुसरी पाण्यात सोडल्यावर क्षणभर कलंडली, मग तिने शेपूट मारलं आणि ती वरच्या दिशेला गेली. वर्याम गुडघाभर पाण्यात उभा राहून लहान मुलासारखा हसला. "बघितलंस? रस्ता विसरली नाही!"

त्या हंगामात बघता बघता आमच्या एकवीस खेपा झाल्या. बहुतेक मासे माझ्याच पोटात मेले. नऊ जिवंत गेले. मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात ते नऊ मासेच मला माझे वाटतात.

तिकडे ठेकेदाराचा मुनशी खमीसोच्या मागे लागला होता. "मासळी नाही तर जागाही नाही. ती घ्यायला दुसरं कुटुंब तयार आहे." खमीसोच्या घरात आता तीन लेकरं होती. काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. मी फक्त पुढचा दिवस पाहिला.

बाविसाव्या खेपेला आम्ही पलीकडे पोचलो. माझ्यातली मादी चांगली तरतरीत होती. वर्यामने तिला दोन्ही हातांनी पाण्यात सोडलं. ती सरळ गेली, आणि दहा हातांवर पाणी खळबळलं. जाळ्याला बांधलेल्या वाळलेल्या भोपळ्यांची एक रांग पाण्यावर तरंगत होती. त्यातला एक भोपळा बुडाला आणि वर आला. वेतांच्या आड एक होडी होती. जाळ्याची दोरी धरून तिच्यात खमीसो बसला होता.

 खमीसोच आधी म्हणाला, "बाबा, रोज जाळं लांब असायचं, आज धारेने इथवर आलं."

"किती दिवस बसतोयस इथे?" वर्यामने विचारलं.

खमीसो जाळ्याची दोरी गुंडाळू लागला.

"किती दिवस, खमीसो?"

"पहिल्या आठवड्यापासून."

भागीने खांद्यावरची काठी जमिनीवर टाकली. "म्हणजे रोज आम्ही वाहून आणायचं आणि तू धरायचं? आणि रोज संध्याकाळी मला विचारत होतास, खांदा दुखतो का?"

"मग काय करू?" तो ओरडला. "जागा गेली असती! लेकरांना दर्ग्याचा सलाम खायला घालू?"

 वर्यामने मला उचललं, माझ्यातलं पाणी ओतून टाकलं आणि मला वाळूवर ठेवून तो एकटाच निघून गेला. त्या नऊ जिवंत माशांपैकी एक तरी वर गेला का, हे त्याने मुलाला कधी विचारलं नाही. पुढच्या थंडीत तो वारला. भागीने मला घरी नेलं, संसारही केला, पण त्या घरात पुन्हा पल्ला शिजला नाही.

पुढे धरणाच्या काठी ठेकेदाराच्या मुलाने मोठं हॉटेल काढलं. मला रंगवून दारात मांडलं. तिथे पल्ला मिळतो, पण तो दूरच्या समुद्रातून बर्फात येतो. म्हाताऱ्या खमीसोला फेटा बांधून माझ्याशेजारी उभं केलं. येणाऱ्याजाणाऱ्यांना जुन्या मासेमारीची गोष्ट सांगायची, हे त्याचं काम. तो सांगायचा, लोक टाळ्या वाजवायचे, माझ्यासोबत फोटो काढायचे. सांगताना तो माझ्याकडे बघत नसे.

एके दिवशी एका लहान मुलीने विचारलं, "आजोबा, मग ते मासे गेले कुठे?"

त्या दिवशी खमीसोने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "आम्ही खाल्ले, बेटी. दार आधीच बंद झालं होतं. माझा बाप त्यांना याच माठातून पलीकडे नेत होता, आणि पलीकडे जाळं लावून मी बसलो होतो."

मुलीच्या आईने तिला ओढून आत नेलं. मालकाने खमीसोला बोलावून सांगितलं, की गिऱ्हाइकाला जेवण गोड लागलं पाहिजे. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. त्याच्या जागी आता एक पाटी आहे. तिच्यावर मासे कुठे गेले ते लिहिलेलं नाही.

मित्रांनो, मी मातीचा आहे, माझं काय, आज ना उद्या फुटेन. पण तुम्ही मोठे व्हाल, भिंती बांधाल. एखादी वाट अडवण्याआधी त्या वाटेने कोण येतं-जातं, ते तिथल्या म्हाताऱ्याला विचारा. आणि तो एकटा माठ वाहू लागला, तर हसू नका. काठीचं दुसरं टोक धरा.