सुईणीच्या सायकलचा कोन

निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात नर्सबाईंनी जाहीर केलं, की आईची सायकल पुन्हा रस्त्यावर आणायची. आई सुईण होती. तीस वर्षं याच सायकलवरून तिने अडलेल्या बायकांची दारं गाठली होती. आता तिला शहाऐंशी वर्षं पूर्ण झाली होती, आणि सायकल मागच्या खोलीत धूळ खात पडली होती.

थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, पुढचं चाक उघडलं. त्याची हयात फिटरकामात गेलेली. चाकाच्या मधल्या हबच्या वाट्या शाबूत होत्या, पण छर्रे ज्यावर फिरतात तो कोन उंदरांनी कुरतडावा तसा झाला होता.

"चाक मोडीत काढ," दादा म्हणाला. "याचे आटे फार बारीक आहेत. असा कोन आता जन्मात मिळायचा नाही."

"बघूच," बाई म्हणाल्या.

एक्सल आणि कोन बँडेजच्या कापडात गुंडाळून त्यांनी दुकानं पालथी घातली. एकाने हसण्यावारी नेलं, दुसऱ्याने नवं चाक गळ्यात मारायला बघितलं. एका म्हाताऱ्या मिस्त्रीने मात्र डबाभर कोन समोर ओतले. बाई तिथेच स्टूल ओढून बसल्या. एकेक कोन एक्सलवर फिरवायचा. दीड वेढा जायचा आणि अडायचा. डबा संपला, बोटं काळीठिक्कर पडली.

"असले कोन मी हाताने चालवायच्या तीनचाकीत घालायचो," मिस्त्री म्हणाला. "पाय नसलेल्यांची गाडी असते ना, ती. पण आता कुठे दिसतात त्या?"

बाई ताडकन उठल्या. "मला दिसते! वीस वर्षं रोज दिसायची!"

बाईंच्या इस्पितळात चादरींच्या खोलीकडे जाताना अडगळीचं कोठार लागायचं. तिथे मोडक्या खाटांखाली तसली एक गाडी दबलेली होती.

सकाळी कोठार उघडण्याआधीच बाई दारात हजर. "आता तरी घरी बसा की!" म्हणत कोठाराच्या कारकुनाने कपाळाला हात लावला, पण गाडी भंगारातच निघालेली, त्यामुळे साहेबांची सही चटकन मिळाली. गाडीच्या चाकाचा नट गंजून घट्ट बसला होता. बाईंनी त्यावर रॉकेल सोडलं, अर्धा तास धीर धरला, मग पान्याला सगळं अंग लावलं. नट कुरकुरला आणि सुटला.

आतला कोन ग्रीसमध्ये माखलेला होता. पुसला तर आरशासारखा. बाईंनी तो आपल्या एक्सलवर टेकवून फिरवला. दीड वेढा. दोन. पाच. तो लोण्यात सुरी जावी तसा शेवटपर्यंत गेला.

"गेला!" बाई एवढ्या जोरात ओरडल्या, की दोन शिकाऊ नर्सा धावत आल्या.

घरी दादाने चष्मा लावून कोन उलटसुलट बघितला. नवे छर्रे, नवं ग्रीस, सगळं त्याने स्वतः बसवलं आणि चाक फिरवलं. आईने चाक धरणाऱ्या चिमट्यावर हात ठेवला, डोळे मिटले.

"जरासुद्धा खरखर नाही," ती म्हणाली. "बस आता! बघत काय राहिलीस?"

बाईंनी टांग मारली. पहिल्या फेरीला हँडल डगमगलं, दुसऱ्या फेरीला शेजारणी बाहेर आल्या, तिसऱ्या फेरीला दादा मागे पळत सुटला.

"अगं, मला दे की आता!"

"थांब रे, आत्ताच तर सुरुवात झालीय!" म्हणत बाईंनी पॅडल मारलं आणि कोपऱ्यावरून वळून त्या दिसेनाशा झाल्या.