शुद्धलाखन

मले राग आला की माहं प्रमाण मराठी सुटते. तेल्हाऱ्याच्या कॉलेजात दहा वर्षांपासून मराठी शिकवते, तासिका तत्त्वावर, अन् वर्गात नीटच बोलते. पण आज नाई. आज तोंडात येईन तसंच सांगणार.

माहा पीएचडीचा प्रबंध वऱ्हाडी बोलीवर. सहा वर्षं गावोगावी बायांच्या ओसरीवर बसली, त्याईचं बोलणं रेकॉर्ड केलं अन् जसं बोलल्या तसंच उतरवलं. सगळ्यात जास्त मैनाबाईचं. बहात्तर वर्षांची बाई, बारा एकर काळ्या वावराची मालकीण. शाळेची पायरी कधी चढली नाई, पण बोलाले लागली की माह्यासारख्या दहा प्राध्यापकाईले गप बसवते.

प्रबंध पुण्याच्या परीक्षकाकडे गेला. तीन महिन्यांनी अहवाल आला. विषय चांगला, परंतु शुद्धलेखनाच्या चारशे बारा चुका, दुरुस्त करून पुन्हा सादर करावा. सोबत यादी. 'मले' चूक, 'तुले' चूक, 'काहून' चूक, 'आमी' चूक. वऱ्हाडीवरच्या प्रबंधात वऱ्हाडी चूक! अरे बाप्पा, आतलं राहू द्या, कव्हर तरी वाचाचं होतं.

इकडे आमच्या कॉलेजात दहा वर्षांत पहिल्यांदा एक कायम जागा निघालेली. मुलाखत तीस तारखेले, अन् पदवीचं पत्र हातात नसलं त दारातही उभं करत नाईत. पुढची जागा निघेपर्यंत मी म्हातारी होईन.

माहे गाईड शालिकराम सर, अमरावतीले असतात. त्याईच्या टेबलावर मी यादी आपटली. ते हसले. म्हणे, बदलून टाक ना, कोण वाचते? मी म्हटलं, मग प्रबंधात बोली कुठं राहिली? त म्हणे, तुले नोकरी पायजे का बोली? मी बदलाले नाईच म्हटलं, तेव्हा सर एकदम मऊ झाले. परीक्षकाले पत्र लिहून मी समजावतो म्हणाले, तू फाईल ठेव अन् 'यातला शब्द न् शब्द खरा' या प्रतिज्ञापत्रावर सही करून जा. मी करून आली. भैताड मी, दुसरं काय.

दहाव्या दिवशी दुसरा अहवाल. भाषा आता निर्दोष आहे, तोंडी परीक्षा घ्यावी. मले वाटलं, सरच्या पत्रानं काम केलं. तोंडी परीक्षा खुली असते, कोणीही ऐकाले येऊ शकते, म्हणून मी मैनाबाईले सोबत घेतलं. ती नवं लुगडं नेसून सकाळच्या एसटीनं माह्यासोबत अमरावतीले आली.

सभागृहात टेबलावर प्रबंधाची नवी प्रत होती. मी उघडली. ऋणनिर्देशात छापलं होतं, 'शालिकराम सर मला मार्गदर्शक म्हणून लाभला.' म्हटलं, हे काय? पुढं पाह्यलं. 'मी कॉलाजात शिकवते.' 'पहिला प्रकरण.' मग डोक्यात उजेड पडला. सरच्या ऑफिसात कोणीतरी कॉम्प्युटरले हुकूम देला होता, जिथं 'ले' दिसन तिथं 'ला' कर. 'मले'चं 'मला' झालं, अन् त्याच्यासोबत लेखनाचं लाखन. एका प्रकरणाचं नावच 'वऱ्हाडी आणि शुद्धलाखन'. 'काहून' अन् 'आमी' मात्र जसेच्या तसे, तरी अहवालात भाषा निर्दोष! म्हणजे पहिली यादी परीक्षकाच्या कोण्या चेल्यानं केली असन, दुसऱ्यांदा त चेल्यानंही पान उलटलं नाई.

तळपायाची आग मस्तकात गेली. सर कानाशी येऊन म्हणाले, गप राह्य, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे, पेढे मागवून ठेवले. अन् खरं सांगते, मी गप राह्यली. मूग गिळून बसली. तीस तारीख दिसत होती ना डोळ्यासमोर.

पुण्याहून आलेले परीक्षक गोड बोलले. संशोधन असं मातीतून यावं, भाषा अशी निर्दोष असावी. मैनाबाई समोर बसल्या आहेत हे कळल्यावर तर त्याईले भरूनच आलं. प्रतिज्ञापत्रावरची माही सही सगळ्याईले दाखवली, म्हणे, यांचंच निवेदन वाचतो. प्रत उघडून वाचाले लागले.

"मला शाळेत कोनी घातलंच नाई. बाप म्हने, पोरीला अक्षर कायला पायजे? मी म्हटलं, माहं नाव लिवाला."

टाळ्या वाजल्या. मैनाबाई उठून उभी राह्यली. मले वाटलं नमस्कार करते.

"हे मी नाई बोलली," ती म्हणाली. मग वळून माह्याकडे पाह्यलं. "पोरी, शाळा त लोकायनं देल्लीच नाई. आता बोलनंबी काढून घेतलं? अन् त्याच्यावर सही तुही?"

सही माहीच होती. मी उठली, परीक्षकाच्या हातातून प्रत घेतली, प्रतिज्ञापत्राचं पान काढलं अन् सही खोडली. अशी खोडली की कागद फाटला. परीक्षकाले म्हटलं, सर, एवढी एक चूक तुमच्या यादीत राह्यली होती. शालिकराम सर ओरडत होते, मी ऐकलं नाई. पेढ्याचा डबा टेबलावर तसाच होता.

तीस तारीख गेली. जागा भरली, मी अजून तासिकेवरच आहे. पदवीचं काय होईन, माहीत नाई. माह्याजवळची जुनी फाईल मी पुन्हा छापली, एक अक्षर न बदलता, अन् शेवटी परीक्षकाची ती यादी परिशिष्ट म्हणून जोडली. चारशे बारा वऱ्हाडी शब्द, पानांच्या क्रमांकासकट. इतकी चांगली शब्दसूची मलेही जमली नसती.

ते सगळं विद्यापीठात देण्याआधी मैनाबाईच्या ओसरीवर बसून तिचं पान तिले वाचून दाखवलं. मले, पोरीले, कायले, लिवाले. तिनं डोळे मिटून ऐकलं.

"हं," ती म्हणाली, "हे मी बोलली."