चार नंबरची बाटली

दुकानाच्या मागच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये हंगामी लागर बिअरच्या नऊ बाटल्या होत्या. वहीप्रमाणे आठ असायला हव्या होत्या. भाचीने त्या तीनदा मोजल्या. आधी डावीकडून, मग उजवीकडून, मग एकेक बाहेर काढून टेबलावर मांडून. नऊच. हंगाम संपताना बारा बाटल्या बाजूला काढल्या होत्या आणि प्रत्येकीच्या मानेवर तिने स्वतः नंबराचं स्टिकर लावलं होतं. एक, दोन, तीन नव्हत्या. पाच ते बारा होत्या. आणि चारही होती, बूच जसंच्या तसं. वहीत चारपुढे तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ‘उघडली. चाखणारा मामा.’

तिने ती ओळ पुन्हा वाचली.

ही लागर वर्षातून जेमतेम सहा आठवडे यायची, उन्हाळा सरता सरता. तपकिरी रंगाची, भाजलेल्या धान्याच्या वासाची, गोडसर पण तोंडाला न चिकटणारी. ती संपली की गिऱ्हाइकं उरलेलं वर्षभर एकच प्रश्न घेऊन यायची: “तशीच दुसरी कुठली आहे?” मालकीणबाई तेव्हा कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बोट दाखवायच्या. तिथे रोज पाच वाजता मामा येऊन बसायचा. चाळीस वर्षं बेकरीच्या भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस. मालकीणबाईंच्या नवऱ्याचा जुना मित्र, आणि तो नवरा गेल्यापासून दुकानाची जीभ.

“ही म्हणजे पावाची कड,” मामा सांगायचा. “ही पावाचा आतला भाग. आणि ती वरच्या फळीवरची? ती पाव आणलेली पिशवी.”

गिऱ्हाईक हसायचं आणि कड घेऊन जायचं.

भाची सहा महिन्यांपूर्वी दुकानात लागली, तीही मामाच्याच शब्दावर. जीवरसायनशास्त्राची पदवी, हातात वही, खिशात थर्मामीटर. मामा तिला लहानपणापासून मोजपट्टी म्हणायचा. गिऱ्हाइकांचा तो प्रश्न तिला पिशवी आणि कडेच्या भाषेत सोडवलेला पटेना. तिने बारमाही मिळणाऱ्या अकरा लागरींचा रंग मोजला, घनता मोजली, आणि जाहीर केलं की ‘तांबूस’ नावाच्या लागरीचे आकडे हंगामीशी जवळजवळ तंतोतंत जुळतात.

“आकडे जुळले म्हणजे लग्न जमलं का गं?” मामा म्हणाला. “तुझी तांबूस दिसायला सख्खी बहीण आहे, चवीला शेजारीण. त्यापेक्षा काळ्या बुचाची बरी. झोपेत पाजलीस तरी सांगेन.”

“झोपेत नको. जागेपणीच सांग. मी चाचणी घेते.”

चाचणी साधी होती. काळ्या काचेचे तीन छोटे ग्लास. दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास ओळखायचा. अशा सहा फेऱ्या. डोळे मिटून बोट ठेवलं तरी सहापैकी सरासरी दोन बरोबर येतात, त्यामुळे दोन म्हणजे काहीच न ओळखणं. पहिल्या संध्याकाळी पोस्टमन बसला, त्याला तीन आली. न्हाव्याला दोन. मालकीणबाईंना तीन. तांबूस आणि हंगामी सारख्याच, असं दिसत चाललं होतं. चौथ्या संध्याकाळी मामा बसला आणि बाकीचे तिघं बघायला आले.

मामाने पहिले तीन ग्लास हुंगले, चाखले, पुन्हा चाखले.

“अगं, तिन्ही एकच आहेत.”

“मामा, असं उत्तर नाही चालत. एक वेगळा असतोच. निवडावाच लागतो.”

“असेल तर निवडू ना. एकाच भट्टीतला माल आहे हा.”

“नियम आहे, मामा.”

“पेपर सोपा गेला की प्रश्नच चुकीचा म्हणायचं!” पोस्टमन म्हणाला, आणि सगळे हसले. मामाही हसला. त्याने मधल्या ग्लासवर बोट ठेवलं. दुसऱ्या फेरीला तो पुन्हा म्हणाला, “एकच आहेत.” तिसरीला नुसताच तिच्याकडे बघत राहिला. चौथीपासून काही न बोलता बोट ठेवत गेला. सहापैकी एक आलं.

“भरवशाच्या म्हशीला टोणगा!” न्हावी म्हणाला.

इथवर ठीक होतं. पण जिभेला हाड नसतं, आणि नव्या पदवीधराच्या जिभेला तर मुळीच नसतं. भाची सगळ्यांसमोर म्हणाली, “वयाबरोबर चवीच्या पेशी कमी होतात, मामा. वासाच्याही. हे सगळ्यांचंच होतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.”

दुसऱ्या दिवशी फळ्यावर तिच्या अक्षरात पाटी लागली: ‘हंगामी संपली? तांबूस घ्या.’

हे दीड महिन्यापूर्वीचं. आता चार नंबरची बाटली हातात धरून ती फ्रिजसमोर उभी होती, आणि कसं झालं असेल ते तिला स्पष्ट दिसत होतं. ओतताना आपण स्वतःही पक्षपाती होऊ नये म्हणून तिने बाटल्या तपकिरी कागदात गुंडाळायचं ठरवलं होतं. वहीत खूण आधीच करून टाकली होती. आणि गुंडाळताना तांबूसच्याच दोन बाटल्या उचलल्या होत्या. अति तिथं माती. मामासमोर सहाही फेऱ्यांत, अठराच्या अठरा ग्लासांत, एकच बिअर होती. त्या खोलीत एकाच माणसाने बरोबर उत्तर दिलं होतं, आणि तिने ते नियमात बसत नाही म्हणून घेतलं नव्हतं.

तिने ड्रॉवरमधून ओपनर काढला. बाटली सिंकमध्ये ओतली की आठ उरणार होत्या. वही बरोबर, मोजणी बरोबर. ओपनर बुचाला लावलासुद्धा. मग स्वतःचाच हात बघून तिचे कान तापले. तिने बाटली परत ठेवली, सगळ्यांत मागे, जिथे नंबर दिसणार नाही तिथे. हेही काही फारसं बरं नव्हतं.

तीन दिवस तिने कुणाला सांगितलं नाही. तीन दिवस ती मामाकडे नीट बघत होती, आणि आधी का बघितलं नाही याचीच तिला लाज वाटत होती. मामा पाच वाजता येत होता, पण कुणी काही विचारलं की म्हणायचा, “भाचीला विचारा. माझं काही खरं नाही.” जुन्या बेकरीतून त्याला दर आठवड्याला खमीर चाखायला बोलवायचे, त्याने जाणं बंद केलं होतं. आणि घरी, म्हणजे बहिणीकडे, जेवताना तो पहिला घास घेऊन थांबायचा, हळूच तिच्या आईला विचारायचा, “ताई, मीठ आहे ना गं यात?”

“आहे की,” आई म्हणायची. “तुला नाही लागत?”

“लागतं, लागतं. खात्री केली फक्त.”

तिसऱ्या दिवशी हे ऐकून तिने हातातला घास ताटात परत ठेवला. जेवण झाल्यावर मामा भांडी पुसत होता, तिथे जाऊन तिने सगळं सांगितलं. कागद, दोन बाटल्या, चार नंबर. ओपनरचंसुद्धा.

मामा हातातली ताटली पुसतच राहिला. ती कोरडी होऊन बराच वेळ झाला होता.

“म्हणजे तिन्ही एकच होते.”

“हो.”

“मग मी बोट कशाला ठेवत गेलो?”

“मी ठेवायला लावलं म्हणून.”

“तू म्हणालीस म्हणजे असेल काहीतरी, असं वाटलं. तू शिकलेली.” त्याने ताटली ठेवली. “जाऊ दे. दुकानात बोलू नकोस हं. नवी नोकरी आहे तुझी. लोकांना काय, आठ दिवस चघळतील.”

तो रागावला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला, पोस्टमन, न्हावी आणि मालकीणबाई तिघंही असताना, तिने फळ्यावरची पाटी पुसली आणि चार नंबरची बाटली काउंटरवर ठेवली. मग काय झालं होतं ते सगळं सांगितलं. वयाबद्दल जे बोलली होती तेही तिने पुन्हा, शब्दाला शब्द, बोलून दाखवलं. कोपऱ्यातल्या स्टुलावर मामा बुटांकडे बघत होता, जणू चोरी त्याचीच पकडली गेली होती.

मालकीणबाई म्हणाल्या, “चूक होते गं. पण भाऊजी बोलत होते तेव्हा ऐकायचं तरी होतंस. आम्हीही नाहीच ऐकलं म्हणा.”

“मग परत घ्या परीक्षा!” पोस्टमन म्हणाला. “आता खरी!”

“नको रे,” मामा म्हणाला. “कशाला उगाच.”

“मामा, तुम्ही झोपेत ओळखणार होता ना?” पोस्टमनने विचारलं.

मामाने भाचीकडे पाहिलं. बोलायचा हक्क आपल्याला नाही, एवढं तिला कळत होतं. तो उठून टेबलाशी आला.

या वेळी बाटल्या उघड्या होत्या, कागद नव्हता. पडद्याआड मालकीणबाईंनी ओतलं, न्हाव्याने लेबलं तपासली, पोस्टमनने आकडे टाकलेले ग्लास आणून ठेवले. भाची दाराशी हात मागे बांधून उभी राहिली. मामाला पेन आणि कागद दिला होता. वेगळ्या ग्लासचा आकडा लिहायचा.

पहिल्या फेरीत त्याने चाखल्या चाखल्या लिहिलं. मग पेन कागदावर तसंच राहिलं. पुन्हा चाखलं. लिहिलेलं खोडलं, दुसरं लिहिलं. दुसऱ्या फेरीतही तसंच. तिसरी सरळ गेली. चौथीला तो पुटपुटला, “एक वेगळा आहेच ना नक्की?”

“आहे, भाऊजी,” पडद्यामागून मालकीणबाई म्हणाल्या.

“मामा, जीभ चालवा, डोकं नको,” न्हावी म्हणाला.

“जिभेचंच काही सांगता येत नाही रे आता,” मामा म्हणाला, आणि पुन्हा खोडलं.

सहावी फेरी संपली तेव्हा पोस्टमनचेही विनोद संपले होते. मामाने कागद उलटा करून ठेवला आणि तोंड धुवायला गेला. भाचीने कागद सुलटा केला. खोडलेले आकडे एकाच रेघेने खोडलेले होते, वाचता येत होते. तिने ते मालकीणबाईंच्या यादीशी जुळवले, एकदा वरून खाली, एकदा खालून वर, आणि वहीत लिहिलं:

फेऱ्या सहा. कायम ठेवलेली उत्तरं सहा, बरोबर दोन. पहिल्या चवीला लिहून मग खोडलेली उत्तरं चार, बरोबर चार.