भागीदारीतली दुपार

त्या फ्लॅटची किल्ली ताईकडे आली, ती तिच्या नवऱ्यामुळे आणि भावामुळे. दोघांनी तो भागीदारीत घेतला होता, किंमत चढली की विकून मोकळं व्हायचं म्हणून. पण कागदावरच्या सह्या वाळतात न वाळतात तोच किल्ली कोणी ठेवायची यावरून दोघांची जुंपली. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान, भावाचं नळ-फरश्यांचं. दोघंही धंद्यातले, त्यामुळे दोघांनाही समोरचा काहीतरी लपवतोय याची खात्री. शेवटी असं ठरलं, की एकाची बायको आणि दुसऱ्याची बहीण असलेल्या बाईनं किल्ली सांभाळावी आणि गिऱ्हाइकांना फ्लॅटही तिनंच दाखवावा.

"तू कोणाच्याच बाजूची नाहीस," नवरा म्हणाला.

हे काही खरं नव्हतं. ताई स्वतःच्या बाजूची होती.

घरी तिच्या डोळ्याला दुपारी डोळा म्हणून लागत नसे. खाली दुकान, वर सासऱ्यांच्या बातम्या, मधल्या जिन्यात मुलांचा धुडगूस. आणि इथे मागच्या खोलीत चिटपाखरू नाही. पहिल्यांदा ती नुसती भिंतीला टेकली. मग उशी आली, उशीमागून चटई, चटईमागून कादंबरी आणि चहाची किटली. गिऱ्हाईक यायचं असलं की सगळं कपाटात.

पंचाईत एवढीच, की दलाल खरोखरच गिऱ्हाइकं आणत होता आणि ती बरी किंमत देत होती. ताईनं भावाला फोन लावला.

"अरे, तुझे भावोजी या किमतीला भलतेच खूश आहेत."

भावानं लगेच विचारलं, "खूश? का?"

"मला काय ठाऊक बाबा. सकाळपासून शीळ घालतायत."

झालं! ज्या किमतीला भावोजी शीळ घालतात ती कमीच असणार. भाऊ अडून बसला. पुढच्या गिऱ्हाइकाच्या वेळी तिनं जेवताना नवऱ्याकडे सहज विषय काढला, "तुमच्या मेहुण्याला फार घाई झालीय हो." नवऱ्याचा घास हातातच राहिला. "त्याला काहीतरी कळलंय. आपण थांबू."

असं आलटून पालटून बरेच महिने चाललं. ताईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. दलालाच्या डोळ्यांखाली आली.

त्यालाच शेवटी वास लागला. एके दिवशी काही न कळवता तो दोन्ही भागीदारांना आणि गिऱ्हाईक म्हणून एका नर्सबाईंना घेऊन थेट ताईच्या दारात उभा राहिला. "चला ताई, आत्ताच दाखवू."

फ्लॅटमध्ये शिरल्यावर नर्सबाईंनी किती सामान मावतं ते बघायला कपाट उघडलं. उशी त्यांच्या पायावर पडली, मागून कादंबरी आपटली, किटली गडगडत आली.

"अच्छा!" भाऊ म्हणाला. "म्हणजे भावोजी दुकानात नसतात तेव्हा इथे असतात!"

"मी? किटलीचं झाकण दोऱ्यानं बांधलंय. एवढा चिक्कूपणा तुझ्याशिवाय कोण करणार?"

"आणि कादंबरी? मला चष्म्याशिवाय अक्षर दिसत नाही!"

"तोही माझ्याकडून फुकट नेलास!"

"फुकट? तुमच्या बाथरूममधले नळ काय आभाळातून पडले?"

आवाज चढत गेले. "उद्याच वकिलाकडे!" एक म्हणाला. "आजच!" दुसरा म्हणाला. ताई गप्प उभी होती. अशीच गप्प राहिली, की विक्री मोडणार, खोली तिचीच राहणार. पण हे दोघं एकमेकांचं तोंड बघेनासे झाले, की मध्ये चिरडली जाणार तीच. यानं काय म्हटलं ते त्याला सांगू नकोस, त्यानं काय म्हटलं ते याला. मग शांत खोली असून झोप कुठली!

"उशी माझी आहे," ती म्हणाली. "किटलीसुद्धा."

दोघंही गर्रकन तिच्याकडे वळले. तेवढ्यात नर्सबाई पुढे आल्या.

"भर दुपारी झोप लागते इथे?"

ताईला थापा मारताना कधी अडखळावं लागलं नव्हतं. पण त्या झोपेबद्दल वाईट बोलवेना.

"अहो, ढाराढूर!"

"माझी कायम रात्रपाळी," नर्सबाई म्हणाल्या आणि सांगितलेल्या किमतीपेक्षा वरचा आकडा बोलल्या. दोन्ही भागीदार एका सुरात "हो" म्हणाले. असं पहिल्यांदाच घडत होतं.

ताई उशी काखोटीला मारून घरी परतली आणि झोपेची खोली गेली म्हणून तिनं अबोला धरला. त्याच दिवशी दोघांनी तिचं बोलणं एकमेकांशी ताडून पाहिलं आणि तिचं सारं कारस्थान उघडकीला आलं, तरी रागवायची हिंमत दोघांतल्या एकालाही झाली नाही. आलेल्या पैशांतून दुसरा फ्लॅट घ्यायचं ठरलं तेव्हाच ती बोलली.

"घ्या. पण आधी मी झोपून बघणार."

नव्या फ्लॅटमध्ये दलाल पाण्याचा दाब सांगू लागला, तोवर ताईनं मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. बाहेर भावानं सवयीनं नळाला हात घातला, तसा नवऱ्यानं त्याचा हात धरला. "श्श!"

"किती वेळ लागेल?" दलालानं विचारलं.

"गप्प बसा हो!" दोघंही कुजबुजले.

आतून घोरण्याचा आवाज आला. मेहुण्यानं भावोजींकडे पाहिलं, भावोजींनी मेहुण्याकडे. "घेऊन टाकू या."

आत ताई टक्क जागी होती. शेजारी कुणाचं तरी शिलाई मशीन खडखडत होतं. पण खिडकीबाहेरचं झाड तिला फार आवडलं होतं, म्हणून ती आणखी थोडं घोरली.