नीट पुसून घे

आमचा धंदा पडद्यांचा. खिडक्यांचे नव्हेत, नाट्यगृहांचे. एकेक पडदा उचलायला चार माणसं लागतात. कारखाना ऐसपैस आहे, पण कारखान्याचा ईमेल पत्ता एकच. एका घरच्या माणसांना वेगवेगळे पत्ते कशाला, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं. त्यामुळे नवरा, धाकटे भाऊजी, कापणीचे मास्तर आणि मी असे सगळे एकाच पत्त्यावरून लिहितो आणि एकमेकांचं काही वाचत नाही असं दाखवतो. ज्याला जे लपवायचं असेल ते तो काम झालं की पुसून टाकतो. आमच्या घरात भांडणं कमी होतात त्याचं श्रेय मी डिलीटच्या बटणाला देते.

माझे सासरे, अप्पा, संगणकाला हात लावत नाहीत. कापणीच्या लांबलचक टेबलाशेजारी, एक चाक निखळलेल्या खुर्चीत बसून ते मला पत्राचा मजकूर सांगतात आणि मी तो जसाच्या तसा टाइप करते. एकदा मी त्यांचं वाक्य सुधारलं होतं. त्यांनी ते पुन्हा सांगितलं, तेच, फक्त जरा मोठ्यानं. तेव्हापासून मी सुधारणा सोडून दिल्या.

बॅकअपचा विषय निघाला तेव्हाही ते त्याच खुर्चीत होते. बॅकअपची सेवा विकायला एक गृहस्थ आले होते, त्यांना आम्ही ढगवाले म्हणतो. त्यांनी समजावून सांगितलं की तुमचे मेल आणि फायली क्लाउडमध्ये आहेत हे खरं, पण हा ढग फार आज्ञाधारक असतो. तुम्ही इथे पुसलंत की तोही तिकडे निमूटपणे पुसतो, का म्हणून विचारत नाही. म्हणून रोजच्या रोज एक नक्कल अशा ठिकाणी ठेवायची, जिथे तुमचा हात पोचत नाही. माझ्या नवऱ्यानं तोंड वाकडं केलं. ढगात आहे ना सगळं, मग ढगाची झेरॉक्स कशाला, म्हणाला. त्यावर अप्पांनी हातातला खडू खाली ठेवला.

“मी प्रत्येक पडद्याचा कागदी नमुना दोनदा कापतो,” ते म्हणाले. “एक कामाला, आणि एक मास्तरांचा चहा सांडल्यावर. घे गं, सूनबाई.”

मी घेतलं. नवऱ्यानं पुढे त्या गोष्टीचं नावच काढलं नाही, आणि आमच्याकडे संमती ती हीच.

आता मूळ भानगड. मेलबॉक्स भरत आला आहे अशी सूचना यायला लागली, म्हणून एका सकाळी मी फर्मान काढलं: ज्यानं त्यानं आपापलं जुनंपानं पुसावं, नाहीतर नवे मेल यायचे बंद होतील. दुपारपर्यंत शिलाई मशीन थंड आणि सगळीकडे नुसती पुसापुशी. त्या गडबडीत अप्पा कुठेतरी बाहेर निघाले. चपला घालता घालता ते भाऊजींना काहीतरी म्हणाले, आणि एरवी कोणाच्या बापाचं न ऐकणाऱ्या भाऊजींनी त्या दिवशी स्वतःच्या बापाचं तंतोतंत ऐकलं. एका नव्या नाट्यगृहाच्या पडद्याचं काम टेबलावर अर्धवट पडलं होतं. त्याची मापं, आराखडे, कापड आग धरत नाही याचे दाखले, तिथल्या इंजिनिअरशी झालेला सगळा पत्रव्यवहार, सगळं त्यांनी उडवलं. वर संगणकावरची कचरापेटीही रिकामी केली. घरचा कचऱ्याचा डबा दारापर्यंत न्यायचा म्हटला की यांची कंबर धरते.

मास्तरांना उंचीचं माप हवं होतं, तेव्हा हे उघडकीला आलं. भाऊजी म्हणाले, मला अप्पांनीच डिलीट करायला सांगितलं. अप्पा परत आल्यावर म्हणाले, मी असं बोललोच नाही. भाऊजींनी आईची शपथ घेतली. अप्पांनीही त्याच बाईची घेतली. सासूबाई तिकडे घरी निवांत झोपल्या होत्या, त्यांना कशाचाच पत्ता नव्हता.

“डिलीट हा शब्द माझ्या तोंडून कधी ऐकलायस का?” अप्पा भाऊजींना म्हणाले. भाऊजींनी मान खाली घातली, पण ते मागे हटले नाहीत. दोघंही खरं बोलत होते हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं, आणि तेच तर कळत नव्हतं.

नवऱ्यानं मला काचेच्या केबिनमध्ये नेऊन दार लावलं. म्हणाला, अप्पांच्या आता लक्षात राहत नाही. कपाळावरचा चष्मा शोधतात, परवा मला काकांच्या नावानं हाक मारली, आणि आता तर कामच बुडायची वेळ आणली. सोमवारपासून त्यांनी घरी आराम करावा. खुर्चीच्या जागी कपाट येईल. तो हे रागानं बोलला असता तर मी त्याला सोडलं नसतं. पण तो काळजीनं बोलत होता, आणि काळजी करणाऱ्याशी भांडायचं कसं, हे मला आजवर जमलेलं नाही. अप्पांनी उभ्या केलेल्या कारखान्यातून अप्पांनाच उठवायचं, तेही आरामाच्या नावाखाली. मी एवढंच म्हटलं, आधी फायली तर परत येऊ देत.

ढगवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, काळजी नको, कालपर्यंतचं सगळं सुखरूप आहे. तेवढ्याच फायली निवडून आणायच्या की आजवर पुसलेलं सगळं? आता भाऊजींनी नेमकं काय काय उडवलं ते त्यांनाच सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, सगळंच आणा.

ही बातमी कारखान्यात पसरली आणि एकेकाचं धाबं दणाणलं. पहिले मास्तर आले, गळ्यात टेप अडकवून. सगळं म्हणजे अगदी सगळं का, म्हणाले. मी म्हटलं, अगदी. मग ते टेपेची गुंडाळी करत खरं काय ते बोलले. आमच्या केबिनच्या भिंतीवर एक पत्र फ्रेम करून लावलंय. ‘एक समाधानी ग्राहक’ अशी खाली सही, आणि आत तुमच्या मास्तरांच्या हातात जादू आहे वगैरे मजकूर. नवऱ्याला त्या पत्राचा कोण अभिमान. ते मास्तरांनी स्वतःच लिहिलं होतं, आमच्याच पत्त्यावरून आमच्याच पत्त्यावर. छापल्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता तेवढा नशिबानं फ्रेमच्या पट्टीखाली गेला, आणि मूळ मेल त्यांनी लगोलग पुसला.

मग भाऊजी आले. त्यांनी कुठल्याशा स्पर्धेला आपलं गाणं पाठवलं होतं. परीक्षकांचं उत्तर एका ओळीचं होतं, कृपया पुन्हा पाठवू नये. शेवटी माझा नवरा आला. बराच वेळ स्टेपलरशी खेळला. मग म्हणाला, मेलला जोडलेले फोटोही परत येतात का गं? खोदून खोदून विचारल्यावर कळलं की केस उगवणाऱ्या एका तेलाच्या कंपनीला तो दर आठवड्याला आपल्या टाळूचा फोटो पाठवत होता, प्रगती दाखवायला. मी त्याची लग्नाची बायको, रोज त्या टाळूकडे बघून जेवते, आणि मला याचा वाससुद्धा नाही, तेलाचाही नाही.

तिघांनाही मी सांगितलं की इलाज नाही, यंत्र आणतं तर सगळंच आणतं, नाहीतर काहीच नाही. ही शुद्ध थाप होती. पण अप्पांच्या खुर्चीच्या जागी कपाट आणायला निघालेल्या लोकांना जरा घाम फुटला तर फुटू दे, असं मला वाटलं.

संगणकाच्या पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या चालीनं पुढे सरकत होती. मी बाहेर आले तर अप्पा आपला खण उपसून बसले होते. मोठी कात्री, खडूचे तुकडे, लाकडी पट्टी, सगळं एका कापडी पिशवीत भरत होते. कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं.

“अप्पा, हे काय चालवलंय?”

“आवरतोय. कपाट यायचंय ना इथे,” ते म्हणाले. “आता मला कोण पुसतंय, सूनबाई?”

असं काय बोलता, एवढे शब्द माझ्या तोंडून गेले आणि मी तिथेच थांबले. मला कोण पुसतंय. अप्पा ‘विचारणं’ म्हणतच नाहीत. ते ‘पुसणं’ म्हणतात. लग्नानंतर मी पहिल्यांदा या घरात आले तेव्हा ते म्हणाले होते, सूनबाईंना पुसा, चहा की कॉफी. आणि घाबरून मी रुमालानं आधी स्वतःचं तोंड पुसून घेतलं होतं. पुढे रोज कानावर पडून पडून तो शब्द आम्हाला ऐकूच येईनासा झाला.

मी तशीच भाऊजींकडे गेले. “भाऊजी, अप्पा काय म्हणाले ते त्यांच्या शब्दांत सांगा. तुमच्या नको.”

भाऊजींनी डोळे मिटून आठवलं. “म्हणाले, नाट्यगृहाचं सगळं एकदा नीट पुसून घे. म्हणून मी नीट पुसलं, वहिनी.”

मला हसावं की रडावं कळेना. नवऱ्याला बोलावून सांगितलं, तर तो म्हणाला, तू त्यांना सांभाळून घेतेयस. तेवढ्यात पट्टी टोकाला पोचली आणि मेल येऊन पडायला लागले. वर तेलाची कंपनी होती. नवऱ्यानं घाईघाईनं पडद्यावर हात ठेवला. मी तो बाजूला केला, नाट्यगृहाचा पत्रव्यवहार उघडला आणि अप्पांनी सांगितलेली पत्रं वाचायला सुरुवात केली. ‘रंगाबाबत थोरल्या मुलास पुसून कळवतो.’ ‘दोरीचे वजन मास्तरांना पुसावे लागेल.’ ‘आमच्या सूनबाईंना पुसल्याशिवाय मी कोणत्याही कामास हो म्हणत नाही.’

हे शेवटचं वाक्य मला मोठ्यानं वाचता आलं नाही. ते माझ्याच बोटांनी टाइप झालं होतं आणि मला त्याची आठवणही नव्हती. विसरभोळं नक्की कोण, याचा निकाल तिथे लागला. नवरा ते वाक्य स्वतः वाचून खुर्चीत बसला, पुन्हा उठला, पुन्हा बसला.

मग त्यानं अप्पांनी सांगितलेलं काम केलं, म्हणजे इंजिनिअरला फोन लावून सगळं एकदा नीट विचारून घेतलं. तो माणूस म्हणाला, बरं झालं विचारलंत. रंगमंचावर नवीन लाकडी थर बसवलाय, उंची कमी झालीय, तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं. जुन्या मापानं शिवला असता तर पडदा मंचावर लोळला असता आणि पहिल्याच प्रयोगाला कोणीतरी त्यात पाय अडकून पडलं असतं.

फोन ठेवून नवरा बाहेर गेला. मीही मागोमाग गेले, हे काही चुकवण्यासारखं नव्हतं. अप्पा पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, प्रवासाला निघालेल्या माणसासारखे. मास्तर टेबलाच्या पलीकडे काही न मोजता टेप धरून उभे होते. नवऱ्यानं घसा खाकरला, टाळूवरून हात फिरवला, इकडे तिकडे पाहिलं. माफी मागायची त्याला सवय नाही. त्याच्या वडिलांना ती ऐकायचीही नाही.

“अप्पा,” तो म्हणाला, “नव्या उंचीचं जरा पुसायचं होतं.”

अप्पांनी पिशवीतून कात्री काढली आणि टेबलावर, तिच्या नेहमीच्या जागी ठेवली.

“फडकं खिडकीत आहे,” ते म्हणाले.